२०११ ते २०१३ च्या मुली: १७ वर्षांखालील भारतीय फुटबॉल संघासाठी तयारी नेमकी कुठून धरायची?

रंकाळा_सकाळ

कोल्हापूर शहरातल्या एका शाळेच्या १८ मुलींचा गट आहे. जन्म २०११, २०१२ आणि २०१३ चे. महापालिका स्तरावरच्या शालेय स्पर्धा आणि सुब्रोतो चषक या शाळांच्या फुटबॉल स्पर्धेची तयारी नेहमीसारखी चालू आहे, पण त्यातल्या चार-पाच जणी त्यापुढे जातील अशा आहेत. भारताचा १७ वर्षांखालील संघ डोळ्यांसमोर ठेवून त्यांना घडवायचं आहे. कोणत्या वर्षीच्या स्पर्धेत कोण बसते, कागदपत्रांत कुठे अडतं आणि आंतरराष्ट्रीय सामन्यात आपल्या मुली नेमक्या कशात कमी पडतात, हे जाणकारांनी सांगावं. २०२२ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भुवनेश्वरमध्ये तीन सामन्यांत १६ गोल बसले, आपला एकही झाला नाही. तिथून २०२५ ला आपण आशियाई चषकासाठी मैदानावर जिंकून पात्र ठरलो, म्हणजे रस्ता आहे. नुसतं 'स्टॅमिना वाढवा' नको, मैदानावर उद्या काय घ्यायचं ते लिहा.

करवीर_१०

आधी वयाचा हिशेब, कारण इथेच बरेच जण चुकतात. शाळेत वर्ग जूनपासून धरतात, फुटबॉलमध्ये १ जानेवारीपासून. नोव्हेंबर २०११ आणि फेब्रुवारी २०१२ च्या मुली एकाच वर्गात असतात, पण आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्यांच्यात पूर्ण एका वर्षाचा फरक पडतो. २०२५ च्या १७ वर्षांखालील महिला विश्वचषकासाठी १ जानेवारी २००८ ते ३१ डिसेंबर २०१० हा जन्मकाळ होता. म्हणजे स्पर्धेच्या वर्षातून १७ वजा करायचे, तिथून तीन जन्मवर्षं. हाच हिशेब पुढे नेला तर २०११ च्या मुली २०२८ पर्यंत, २०१२ च्या २०२९ पर्यंत आणि २०१३ च्या २०३० पर्यंत बसतात.

पूर्वी ही स्पर्धा दोन वर्षांनी व्हायची. २०२५ पासून दरवर्षी आहे, संघ १६ वरून २४ झाले आणि २०२९ पर्यंत यजमान मोरोक्को आहे. त्यामुळे 'चुकीच्या वर्षी जन्मली' म्हणून मागे पडणाऱ्या मुलींचं नुकसान बरंच कमी झालं. तरी संधी खरी मिळते ती वरच्या वयाला. तीन वर्षांच्या गटात सगळ्यात मोठ्या वर्षाच्या मुली संघात जास्त असणार, म्हणून २०१२ च्या मुलीचं मुख्य लक्ष्य २०२९ धरा आणि त्याआधीची वर्षं शिबिरापर्यंत पोचण्यासाठी वापरा. डिसेंबरात जन्मलेली मुलगी आत्ता अंगाने लहान दिसते म्हणून तिला बाकावर बसवू नका. जानेवारीवालीला मिळालेलं वर्ष तिला अजून मिळायचं आहे.

आशियातला रस्ता दोन टप्प्यांचा आहे: आधी पात्रता फेरी, मग १२ संघांचा आशियाई चषक, आणि तिथून विश्वचषक. २०२२ ला आपण यजमान म्हणून थेट खेळलो. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मात्र बिश्केकला किर्गिझस्तान आणि उझबेकिस्तान या दोघांना २-१ ने हरवून २०२६ च्या चीनमधल्या आशियाई चषकाचं तिकीट काढलं. त्याआधी ऑगस्टमध्ये थिंफूला दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धाही जिंकली होती.

आपल्याकडच्या वाटा दोन. शालेय वाट म्हणजे महापालिका, विभाग, राज्य, राष्ट्रीय. दुसरी संघटनेची: केएसए (कोल्हापूरची फुटबॉल संघटना), विफा (राज्याची संघटना), महाराष्ट्राचा संघ, मग अखिल भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या राष्ट्रीय स्पर्धा. भारतीय संघ फेडरेशन निवडतं, म्हणून फक्त शालेय स्पर्धांवर थांबू नका. त्या चार-पाच मुलींची क्लबमार्फत फेडरेशनच्या नोंदणीप्रणालीत नोंद करून घ्या आणि जिल्हा निवड चाचणीची तारीख केएसएकडे आधीच विचारून ठेवा.

स्टॉपर_मंगळवारपेठ

ताई, १६ गोल म्हणून एकत्र मोजू नका, सुटे करून बघा. अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. अमेरिकेविरुद्ध मध्यंतरालाच ०-५ होतं. मोरोक्कोविरुद्ध मध्यंतराला ०-० होतं आणि तिन्ही गोल उत्तरार्धात बसले, त्यातला पहिला पेनल्टीवर. ब्राझीलविरुद्ध मध्यंतराला ०-२. एकूण पूर्वार्धात ७, उत्तरार्धात ९. माझ्या मते ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोन्हींवर इलाज वेगळा.

पहिलं दुखणं अमेरिकेच्या सामन्यातलं. चेंडू पायात येईपर्यंत समोरची अंगावर असते. आपल्याकडे मातीच्या मैदानावर चेंडू उसळत येतो, म्हणून मुलींना आधी तळव्याने थांबवायचं, मग मान वर करून बघायचं अशी सवय लागते. त्या एका सेकंदात वरच्या दर्जाच्या संघाची मुलगी चेंडू घेऊन गेलेली असते. बघणं चेंडू यायच्या आधी व्हायला हवं. यासाठी ८ बाय ८ मीटरचा चौकोन आखा, चार मुली बाहेर पास खेळायला, दोन आत चेंडू हिसकवायला. दोनच टच. चेंडू वाटेत असताना प्रत्येकीने एकदा खांद्यावरून मागे बघायचं. मागे तुम्ही उभं राहून बोटं दाखवा आणि चेंडू मिळताच तिने आकडा ओरडायचा. ४० सेकंद पूर्ण जोर, ८० सेकंद विश्रांती, अशा सहा फेऱ्या. बिघडतं कुठे, तर पास सुटायला लागले की कोच चौकोन मोठा करतो. चौकोन १२ मीटरचा झाला की पासिंग सुंदर दिसतं, पण दबाव गेला म्हणजे सरावाचा हेतूच गेला. मोठा करण्याऐवजी आतली एक मुलगी कमी करा, जमलं की परत आत घ्या.

पास देताना पायाच्या आतल्या बाजूने, चेंडूच्या मधोमध, आणि घेणाऱ्या मुलीच्या लांबच्या पायावर. लांबच्या पायावर पास आला की अंग आपोआप अर्धं वळतं आणि पुढचं मैदान दिसतं. जवळच्या पायावर दिला की ती आपल्याच गोलकडे तोंड करून अडकते, मग मागे पास, मग गोलरक्षकाची उंच किक, मग चेंडू समोरच्यांकडे.

गवताचा मुद्दा स्वतंत्र आहे. पाणी मारलेल्या हिरवळीवर चेंडू घसरत, वेगाने येतो. शाहू स्टेडियमवर सराव मिळाला तर तो सामना खेळवण्यात घालवू नका. पहिली वीस मिनिटं फक्त १५ ते २५ मीटरचे जमिनीलगतचे पास आणि पहिला टच घ्या.

दुसरं दुखणं उत्तरार्धाचं. त्याला आपण सरसकट दम म्हणतो, पण आधी तुटतं ते अंतर. थकलेली आघाडीफळी परत येत नाही, घाबरलेली बचावफळी मागे सरकते आणि मध्ये ५०-६० मीटरची मोकळी जागा पडते. बचावापासून आघाडीपर्यंत ३० ते ३५ मीटर राहायला हवेत. सराव सामन्यात अधूनमधून शिट्टी मारून सगळ्यांना जागेवर थांबवा आणि पावलांनी मोजा. मुलींना स्वतःच्या डोळ्यांनी अंतर दिसलं की पाच व्याख्यानांचं काम होतं. सोबत एक नियम लावा: चेंडू गेला की जवळच्या तिघींनी पाच सेकंद तुटून पडायचं, नाही मिळाला तर सगळ्यांनी मध्यरेषेमागे यायचं. एकटी धावते आणि बाकीच्या बघतात हा आपल्या पेठांच्या सामन्यांतलाही जुना रोग आहे. एकट्या मुलीच्या धावण्याने प्रेसिंग होत नाही, उलट तिच्यामागे भोक पडतं.

शालेय सामने वेळेने लहान असतात, आंतरराष्ट्रीय सामना ४५-४५ मिनिटांचा. महिन्यातून दोनदा तरी पूर्ण ९० मिनिटांचा सराव सामना घ्या आणि ७० व्या मिनिटानंतर बदल करू नका. चुका तिथेच दिसतात. बिश्केकला उझबेकिस्तानविरुद्ध आपण आधी एक गोल खाल्ला होता. बदली उतरलेल्या थांडामोनी बास्कीने बरोबरी केली आणि अनुष्का कुमारीने विजयी गोल केला. मागे पडल्यावरही आकार न मोडणं हा २०२२ नंतरचा मला दिसलेला सगळ्यात मोठा फरक आहे.

फिजिओ_राजारामपुरी

वरचं सगळं करायला गुडघे शाबूत हवेत. मुलींमध्ये गुडघ्याच्या आतला एसीएल लिगामेंट तुटण्याचा धोका मुलांपेक्षा दुपटीहून जास्त धरतात, आणि बहुतेक वेळा धक्का न लागताच तो तुटतो: वळताना, उडी मारून उतरताना, अचानक थांबताना. फिफाचा '११ प्लस' वॉर्मअप याचसाठी आहे. २० मिनिटं लागतात: ८ मिनिटं धावण्याचे सहा प्रकार, १० मिनिटं ताकद, तोल आणि उड्यांचे सहा प्रकार, शेवटी २ मिनिटं वेगाच्या धावा. आठवड्यातून किमान दोनदा. सामन्याआधी मधला भाग वगळायचा, नाहीतर पाय जड होतात.

मधल्या भागात नॉर्डिक व्यायाम आहे. गुडघ्यावर बसून, मागून सोबतिणीने घोटे धरून, अंग सरळ ठेवून हळू पुढे झुकायचं. सुरुवात ३ ते ५ वेळा, मग ७ ते १०, मग १२ ते १५. पहिल्याच दिवशी पंधरा करून घेतले तर मुली तीन दिवस लंगडतात आणि व्यायामच बदनाम होतो. उडीवरून उतरताना गुडघे आत वळतात का ते समोरून मोबाइलवर चित्रित करून बघा. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत हवा, उतरताना आवाज कमी हवा.

दुसरी गोष्ट रक्ताची. मुलगी मनापासून पळते पण २० मिनिटांत गळते, तर तिला आळशी म्हणण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. १२ च्या खाली असेल तर कितीही धावायला लावा, दम वाढणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला, म्हणजे १८ जणींच्या गटात कुणी नसेल असं धरू नका. शाळेत मिळणारी आठवड्याची निळी गोळी ६० मिलीग्रॅम लोहाची असते. ती जेवणानंतर आणि चहापासून तास-दीड तास दूर घ्यायची. चहा लोह शोषू देत नाही, लिंबू आणि आवळा मदत करतात. गोळीने भागत नसेल तर डोस डॉक्टरांनीच ठरवायचा. पाळीच्या तारखा मुलींनी स्वतः वहीत लिहाव्यात. सलग तीन महिने पाळी चुकली तर बहुधा खाणं कमी आणि सराव जास्त होतोय. अशा वेळी सराव कमी करून डॉक्टरांना दाखवा, कारण त्याचा फटका हाडांना बसतो.

दम मोजायला यो-यो चाचणी घ्या, पहिली पातळी. २० मीटर जा, २० मीटर या, मग ५ मीटरच्या पट्ट्यात १० सेकंद चाल. दोनदा रेषा चुकली की थांबायचं. दर सहा आठवड्यांनी, त्याच मैदानावर, त्याच बुटांत. मातीवरचा आकडा आणि हिरवळीवरचा आकडा एकमेकांशी ताडू नका.

रंकाळा_सकाळ

खूप आभार. दोन शंका. गोलरक्षक मुलगी २०१२ ची आहे, हात-पाय चपळ आहेत पण उंच चेंडूला घाबरते. आणि पासपोर्ट आत्ताच काढावा का?

गोलकी_१

गोल सगळ्यांना तोच, ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. चौदा वर्षांच्या मुलीचा हात आडव्या खांबाला पोचत नाही, म्हणून ती रेषेवर चिकटून राहते आणि डोक्यावरून गोल खाते. उंचीचा इलाज आपल्या हातात नाही, जागेचा आहे. चेंडू लांब असताना रेषेपासून दोन-तीन पावलं पुढे, शॉट मारणारी जवळ आली की कोन लहान करत पुढे, आणि पाय उचलला जाताच दोन्ही पाय जमिनीवर स्थिर. चालता चालता शॉट आला की डाइव्ह अर्धीच होते.

भीती बहुतेक वेळा पडण्याची असते, चेंडूची नसते. कडक मातीवर थेट उभ्याने डाइव्ह शिकवू नका. ओल्या वाळूत किंवा कुस्तीच्या गादीवर आधी गुडघ्यांवरून, मग उकिडवं बसून, मग उभ्याने. क्रॉससाठी, म्हणजे बाजूने गोलसमोर येणाऱ्या उंच चेंडूसाठी, आधी हाताने वर फेकलेला चेंडू एका पायावर उडी मारून, दुसरा गुडघा पुढे घेऊन, सगळ्यात उंच ठिकाणी पकडायचा. मग शेजारून एकीने हलका धक्का द्यायचा. गर्दीत पकडता येत नसेल तर दोन मुठींनी बाजूला. मधोमध ठोसा मारला की चेंडू डीच्या तोंडावर पडतो. साइज ५ चाच चेंडू वापरा.

नवा नियमही अंगवळणी पाडा. २०२५-२६ च्या हंगामापासून गोलरक्षकाने चेंडू हातात ८ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्यांना कॉर्नर मिळतो, शेवटची पाच सेकंदं रेफरी हात वर करून मोजतात. १७ वर्षांखालील विश्वचषकात बाद फेरीत जादा वेळ नसतो, बरोबरी झाली की थेट टायब्रेकर. म्हणून दर आठवड्याला पेनल्टी घ्या, पण सरावाच्या शेवटी, सगळ्या थकलेल्या असताना. किक बसेपर्यंत कीपरचा एक तरी पाय रेषेवर हवा, हे मोबाइलवर तपासा.

करवीर_१०

पासपोर्ट आत्ताच काढा. शिबिराचं बोलावणं आल्यावर धावपळ केली तर नावातच अडतं. आधी जन्मदाखला बघा: त्यावर मुलीचं नाव आहे का? कित्येक दाखल्यांवर फक्त आईवडिलांचं नाव असतं. नोंदणीपासून १५ वर्षांपर्यंत नाव घालून मिळतं, २०११ च्या मुलींकडे म्हणूनच वेळ कमी आहे. मग दाखला, आधार आणि शाळेचा दाखला यांवरचं इंग्रजी स्पेलिंग अक्षर-अक्षर जुळवा. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षर, ही नेहमीची गडबड. पासपोर्टला १८ च्या आतल्या मुलीसाठी आईवडील दोघांच्या सहीचं परिशिष्ट डी लागतं. १५ पूर्ण झालेली मुलगी १० वर्षांचा पासपोर्ट मागू शकते, त्याआधी काढला तर ५ वर्षांचा किंवा १८ पूर्ण होईपर्यंतचा, यांत जे आधी येईल तेवढाच मिळतो. असा कमी मुदतीचा असेल तर संपायच्या वर्षभर आधीच नूतनीकरण करा, कारण प्रवासाच्या वेळी बहुतेक देश किमान ६ महिन्यांची मुदत शिल्लक मागतात.

जन्माची नोंद जन्मानंतर अनेक वर्षांनी झालेली असेल तर वयाबद्दल शंका घेतली जाणार हे धरून चाला आणि रुग्णालयाचा कागद, पहिलीच्या प्रवेशाची नोंद जपून ठेवा. मुलांसाठी मनगटाचा एमआरआय वापरतात, पण मुलींची मनगटाची वाढपट्टी लवकर जुळत असल्याने तो निकष त्यांना लागू पडत नाही. त्यामुळे मुलींच्या बाबतीत कागदाला जास्त वजन आहे.