चर्चा: 'कित्तूर चन्नम्मा' आणि 'ताराबाई' : गस्ती नौकेचा सांगाडा आणायचा, की तिने केलेलं काम सांगायचं?

टिळकवाडीचा भाडेकरू (धागा सुरू)

परवा कट्ट्यावर एकाने कारवारच्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या आयएनएस चपल या नौदलाच्या निवृत्त युद्धनौकेचा फोटो दाखवला आणि विषय पेटला. कारवारला जहाज आहे, मग आपल्या बेळगावकडे का नको? तटरक्षक दलात 'कित्तूर चन्नम्मा' नावाची गस्ती नौका होतीच की. तसली एखादी निवृत्त नौका मागून घ्या आणि कित्तूरच्या किल्ल्यापुढे ठेवा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी एकटाच नको म्हणालो, तर 'तुला कशाचंच कौतुक नाही' म्हणून मोकळे झाले. म्हणून इथे लिहितोय.

मला कौतुक आहे, आणि तेही बऱ्यापैकी माहितीसकट. आपल्याकडे समुद्र नाही, पण तटरक्षक दलाच्या जुन्या नौकांची नावं वाचली तर निम्मा मुलूख आपलाच निघतो. 'कित्तूर चन्नम्मा' ही 'जिजाबाई' वर्गातली. त्या वर्गातल्या पहिल्या तिन्ही नौका जपानमध्ये सुमिदागावा गोदीत बांधल्या, पुढच्या कोलकात्याला गार्डन रीचमध्ये. मग 'ताराबाई'चा वर्ग आला. त्यात 'ताराबाई' आणि 'अहल्याबाई' सिंगापूरच्या, बाकीच्या पुन्हा कोलकात्याच्या. त्यातलीच एक 'अक्कादेवी'. ही चालुक्यांची राजकन्या, ११व्या शतकात गोकाकच्या किल्ल्याला वेढा घालून बसलेली.

आता कट्ट्यावरच्या मंडळींना मी विचारलं, यातल्या एका तरी नौकेने काय केलं ते सांगा. एकालाही सांगता येईना. मग तो लोखंडाचा सांगाडा आणून पोरांना काय दाखवणार? सेल्फीची जागा?

'ताराबाई'चंच घ्या. ऑक्टोबर १९९९ मध्ये 'अलोंड्रा रेनबो' हे जपानी जहाज इंडोनेशियाहून सुमारे सात हजार टन अॅल्युमिनियम घेऊन निघालं आणि चाच्यांनी ते पळवलं. जहाजावरच्या १७ जणांना तराफ्यावर सोडून दिलं. दहा-अकरा दिवसांनी थायलंडच्या एका मासेमारी बोटीला ते सापडले. तोवर चाच्यांनी जहाजाला रंग फासून, 'मेगा रामा' असं नाव घालून ते अरबी समुद्रात आणलं होतं. त्याचा पाठलाग केला तो कोचीहून निघालेल्या 'ताराबाई'ने. थांब म्हटलं तर थांबेना, इशाऱ्याच्या गोळ्या झाडल्या तरी थांबेना. जेमतेम ४५ मीटरची नौका, समोर मालवाहू धूड, आणि ही मागे लागलेली. शेवटी नौदलाची 'प्रहार' आली आणि १६ नोव्हेंबरला जहाज ताब्यात आलं. चाच्यांनी आग लावून ते बुडवायचा प्रयत्न केला होता, तरी आपल्या लोकांनी ते वाचवून मुंबईला आणलं.

माझं म्हणणं एवढंच, की ही गोष्ट कित्तूरच्या संग्रहालयात एका भिंतीवर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहा. नकाशा लावा, फोटो लावा. नौका नको.

---

निपाणीकर

भिंतीवर लिहिलेलं कोण वाचतंय ओ? शाळेची सहल येते, मास्तर 'पुढं चला, पुढं चला' म्हणतात, पोरं डब्याकडे बघत असतात. खरी तोफ, खरा नांगर, वर चढायची शिडी असली तर पोरगं थांबतं.

आपल्या भागातली पोरं फौजेत का जातात? बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे. पहाटे पळणारे जवान दिसतात, बँड ऐकू येतो. डोळ्यांना दिसतं म्हणून डोक्यात शिरतं. तटरक्षक दल म्हटलं की आमच्या गावात अजून 'म्हणजे नेव्हीच ना?' असं विचारतात. एक नौका उभी राहू द्या, दोन वर्षांत भरतीचे फॉर्म भरायला लागतील. कारवारची चपल बघा, ७१ च्या लढाईतली बोट, रोज माणसं येतात बघायला.

---

हल्याळची पायवाट

निपाणीकर, चपल ७१ च्या लढाईत असणं शक्यच नाही. ती नौदलात आली १९७६ ला आणि निवृत्त झाली २००५ ला. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर गेल्या त्या निर्घात, निपात आणि वीर. दिसायला बहिणी-बहिणीच, त्यामुळे लोक सरसकट ठोकून देतात.

आणि हाच धागाकर्त्याचा मुद्दा आहे. बोट समोर उभी आहे, तुम्ही चढून आलात, आणि तरी तिची गोष्ट चुकीची घेऊन घरी गेलात.

---

निपाणीकर

साल चुकलं म्हणून बोट चुकली काय? मी चढलो तर खरा. तुमच्या भिंतीपुढे मी उभासुद्धा राहिलो नसतो.

---

खानापूरचा यांत्रिक

तटरक्षक दलात इंजिन रूममध्ये नोकरी करून निवृत्त झालोय. दोन्ही बाजूंना थोडं थोडं सांगतो.

आधी सांगाड्याचं. गस्ती नौका पाण्यात राहायला बांधलेली असते. तरीसुद्धा आम्ही गंज काढून काढून थकायचो. हातात चिपिंग हॅमर, डोळ्याला चष्मा, ठोकत बसायचं, पापुद्रा निघाला की ब्रश, मग प्रायमर, मग रंग. एका टोकाचं संपेपर्यंत दुसरीकडे तांबडं दिसायला लागलेलं. ही नौका चालू असताना, माणसं पगारावर असतानाची गोष्ट. कित्तूरला पावसाळ्यात हे कोण करणार? ग्रामपंचायत? कठड्याच्या बुडाशी पाणी साचतं, तिथून सुरुवात होते. वरून रंग चकाचक दिसतो, पण बोट दाबलं तर आत जातं. मग 'वर चढू नये' अशी पाटी लागते. निपाणीकरांची शिडी तिथेच संपली.

आता भाडेकरूंचं. तुम्ही 'अलोंड्रा रेनबो' सांगितलंत, छान आहे, पण ती एका नौकेच्या आयुष्यातली एक शिकार. बाकी सगळी वर्षं काय? इंजिन बंद पडलेल्या मच्छीमार बोटीला दोर टाकून ओढत आणायचं. रात्री रेडिओवर हाक आली की खवळलेल्या समुद्रात आजारी खलाशी उतरवून घ्यायचा. संशयित बोट दिसली की थांबवायची, कागद बघायचे, बहुतेक वेळा काही निघत नाही, सोडायची. दोर टाकायचं काम सगळ्यात वाईट. बोट खाली-वर होते, दोर ताणला जातो, आणि तुटला तर चाबकासारखा परत येतो. त्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही हे पहिल्या दिवशी शिकवतात. याचं पदक नाही आणि बातमीही नाही. भिंतीवर लिहिणार असाल तर हे लिहा. चाचे पकडल्याचं लिहाल तर पोरं भरती होऊन येतील आणि सहा महिन्यांत कंटाळतील.

---

शहापूरची सून

यांत्रिक काकांशी सहमत, आणि भाडेकरूंनी गोष्ट सोयीच्या जागी थांबवली म्हणून पुढची मी लिहिते. पकडलेल्या १५ जणांना २००३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयात शिक्षा झाली आणि २००५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. चाचेगिरीसाठी वेगळा कायदाच आपल्याकडे नव्हता, तो आला २०२२ चा. 'प्रहार'चं म्हणाल तर २००६ मध्ये गोव्याजवळ व्यापारी जहाजाशी टक्कर होऊन ती बुडाली.

हे सगळं भिंतीवर लिहायची तयारी आहे का? की आपल्याकडच्या फलकांसारखं 'शत्रूला धूळ चारली' एवढंच? तसं असेल तर मला भिंतही नको.

---

टिळकवाडीचा भाडेकरू

लिहायचं की. आरोपी सुटले म्हणून 'ताराबाई'चा पाठलाग खोटा ठरत नाही. तिने तिचं काम केलं, कायदा तोकडा पडला. उलट शाळेतल्या पोरांना हेच जास्त कळायला हवं, की समुद्रात पकडणं हा अर्धाच भाग.

यांत्रिक काकांचं मात्र पटत नाही. नुसते दोर टाकल्याचे तक्ते लावले तर कुणी वाचणार नाही. माणूस आधी गोष्टीला थांबतो, मग बाकीचं वाचतो.

---

चोर्ला घाट रोजचा

विद्वानांनो, बोट आणणार कशी ते कुणी बोललंच नाही. ४५ मीटर लांब, सात मीटर रुंद. चोर्ल्याच्या वळणावर साधा लांब ट्रेलर अडकला तर इकडे जांबोटीपर्यंत रांग लागते. अनमोड घाटातून आणा म्हणाल तर पावसाळ्यात तिथे आमचेच ट्रक चिखलात. कापून तुकड्यांत आणावी लागेल आणि इथे वेल्डिंग मारून जोडावी लागेल. मग ती बोट राहिली का देखावा झाला, तुम्हीच ठरवा. चपल कारवारला आहे कारण ती तिथे पाण्यातून आली, घाट चढून नाही.

---

बैलहोंगलचा जावई

माझं घरातलं बोलणं मराठी, सासर कन्नड, त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या खायची सवय आहे. कित्तूरच्या राणी चन्नम्माने १८२४ मध्ये इंग्रज कलेक्टर थॅकरेच्या फौजेला हरवलं, पुढे १८२९ मध्ये बैलहोंगलच्या कैदेतच ती वारली. तिच्या वाड्याच्या भिंतींना आज पैसे हवेत. किल्ल्यापुढे जहाज ठेवून तिचा काय मान वाढणार? ती समुद्रावर लढली नव्हती.

---

हल्याळची पायवाट

त्या न्यायाने ताराबाईंचं नाव मात्र नौकेला शोभतं. १७०० ते १७०७ औरंगजेबाशी झुंज देताना कान्होजी आंग्रे त्यांच्याच बाजूला होते, शाहूंकडे ते नंतर गेले. पण मग नौका कोल्हापूरला जाईल, बेळगावला नाही. रंकाळ्यात सोडतील.

---

निपाणीकर

थट्टा करा. पण ठेवली नाही तर काय होतं तेही बघा. जुनी विक्रांत १९९७ ला निवृत्त झाली, मुंबईत संग्रहालय म्हणून काही वर्षं ठेवली, मग २०१४ मध्ये साठ कोटींना भंगारात. तिच्या लोखंडाची मोटरसायकल निघाली. विराटही अलंगला गेली. तटरक्षक दलाच्या 'वरुणा'ला तरी बरं, ती श्रीलंकेला दिली आणि तिथे 'सुरक्षा' नावाने परत गस्तीला लागली. आपण भिंतीवरचा मजकूर कसा असावा यावर भांडतोय, तोवर बोटी संपल्या.

---

खानापूरचा यांत्रिक

विक्रांतचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. मुंबईत, पाण्यात, माणसं आणि पैसा असूनही तिला सांभाळता आलं नाही. कित्तूरला कोण सांभाळणार?

'वरुणा'सारखं झालं तर सगळ्यात उत्तम. नौकेला काम मिळावं. आणि मागायचंच असेल तर नांगर मागा, घंटा मागा, नावाची पितळी पाटी मागा. एका टेम्पोत येतात आणि गंजून कोसळत नाहीत. सोबत लॉग बुकातल्या नोंदींची प्रत द्या म्हणून अर्ज करा. एखादी साधी रात्र जशीच्या तशी लावा: वेळ, वारा, कुठल्या बोटीला दोर टाकला, किती वाजता बंदरात सोडलं.

---

निपाणीकर

नांगर चालेल. पण किल्ल्याच्या आत कपाटात नको, रस्त्यावरून दिसेल असा बाहेर ठेवा, आणि पोरांना हात लावू द्या. लॉग बुकाची तुमची रात्र त्याच्या शेजारी लावा, मोठ्या अक्षरात. आणि अर्ज कोण लिहिणार ते आत्ता ठरवा, नाहीतर पुढच्या कित्तूर उत्सवाला परत हाच धागा निघतो.

---

शहापूरची सून

मसुदा मी करते. यांत्रिक काका, नौकेच्या कुठल्या नोंदी मागायच्या त्यांची नावं मला पाठवा. २००५ चा निकालही फलकावर येणार, ही माझी अट.