मदत हवी आहे: प्रकाश आणि हलता आरसा यांचं एन्टँगलमेंट (क्वांटम गुंफण)
ऑप्टोमेकॅनिक्स (प्रकाश आणि हलत्या वस्तू यांच्या परस्परक्रियेचा अभ्यास) शिकतेय, एका ठिकाणी अडलेय. लेसरची वारंवारता पोकळीच्या (दोन आरशांमधली जागा, त्यातला एक आरसा हलता) अनुनाद-वारंवारतेपेक्षा आरशाच्या कंपनवारंवारतेइतकी कमी ठेवली की आरसा थंड होत जातो. तेवढीच जास्त ठेवली की फोटॉन आणि फोनॉन (आरशाच्या कंपनाचा क्वांटम) जोडीनेच जन्मतात, म्हणजे एन्टँगलमेंट इथे व्हायला हवं. पण या जास्त वारंवारतेच्या बाजूला लेसर जोरात चालू ठेवला तर प्रणाली अस्थिर होते. 2013 च्या सूक्ष्मलहरींच्या प्रयोगात छोटे स्पंद वापरले होते, एक गुंतवायला, दुसरा कंपनाची अवस्था वाचायला. हे पटतं, फार सुंदरही वाटतं.

मग 2007 च्या सैद्धांतिक शोधनिबंधात थंड करणाऱ्या बाजूलाच स्थिर एन्टँगलमेंट कसं मिळतं? समीकरणांतली वेगाने फिरणारी जी पदं आपण एरवी सोडून देतो, ती तिथे कामाला येतात का? लॉगॅरिदमिक निगेटिव्हिटीचं (एन्टँगलमेंट मोजायच्या मापाचं) गणित जमतं, भौतिक चित्र डोळ्यांपुढे येत नाही. कुणी समजावून सांगेल का?