कोव्हिडच्या बेडची माहिती देणारी साईट बंद करावी का?

बार्शीकर_०४ (२९ एप्रिल २०२१, रात्री ११:५०)

मंडळी नमस्कार, जरा मोठं लिहितोय. मी आणि माझे तीन दोस्त, सगळे वर्क फ्रॉम होममुळं गावाकडं अडकलेले, १५ दिवसांपूर्वी बार्शी तालुक्यासाठी एक साधी साईट केली, कुठल्या हॉस्पिटलात ऑक्सिजनचे बेड किती, व्हेंटिलेटर किती, प्लाझ्मा डोनर, घरपोच डबेवाले वगैरे. मागं एक गुगल शीट, ती सगळ्यांना एडिट करायला उघडी. बार्शीला एरवीही भूम, परांडा, उस्मानाबादकडचे पेशंट येतातच, त्यामुळं लिंक बघता बघता सगळीकडच्या ग्रुपवर फिरली आणि आम्ही हवेत.

परवा एक जण परांड्याकडनं वडलांना गाडीत घालून आला, कारण आमच्या साईटवर एका हॉस्पिटलपुढं 'ऑक्सिजन बेड २' दिसत होतं. तो आकडा आदल्या रात्रीचा होता. गेटवरनंच परत पाठवलं. पुढं सोलापुरात जागा मिळाली, वडील आता बरे आहेत, पण त्याचा मला फोन आला होता. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं, तो नुसता "तुम्ही लिहिलं होतं म्हणून आलो" एवढंच म्हणत राहिला.

बंद करू का? की नीट चालवायची काही पद्धत आहे?

पेठेतला_पुणेकर

घाई नको. आम्ही पुण्यात ८-१० जण हेच करतोय आणि हाच मार खाऊन झालाय. बेड म्हणजे एसटीची सीट नाही, खिडकीतून रुमाल टाकून धरता येत नाही, तू लिहीपर्यंत गेलेला असतो. म्हणून आम्ही आकडा दाखवणंच बंद केलं. आता फक्त 'दुपारी ३:४० ला फोन केला, आहे म्हणाले, फोन करूनच निघा' एवढं येतं आणि तीन तासांत परत फोन झाला नाही तर ती ओळ आपोआप गायब. कधी कधी पान अर्धं रिकामं दिसतं, लोक विचारतात साईट पडली का. दिसू दे रिकामं.

उघडी शीट मात्र आत्ताच्या आत्ता बंद कर, उद्या नाही. आमच्याकडं एकानं 'सिलिंडर मिळेल' म्हणून स्वतःचा नंबर टाकला, अॅडव्हान्स घेतला की फोन बंद, तिघांचे पैसे गेले तेव्हा कळलं. शिवाय घाबरलेली माणसं त्यात पेशंटचं नाव, आधार, छातीच्या स्कॅनचा (एचआरसीटी) रिपोर्ट सगळं चिकटवतात, आणि ते अख्ख्या जगाला दिसतं.

स्पष्टवक्ता७२

सरकारी डॅशबोर्ड असताना चार पोरांनी मध्ये लुडबूड कशाला करायची? राग नसावा.

सर्व्हर_डाऊन

@स्पष्टवक्ता७२ काका, कोव्हिडचे आकडे देणारी कोव्हिड१९इंडिया साईट पण गेल्या वर्षी मार्चमध्ये व्हॉलंटिअर पोरांनीच सुरू केली, राज्यांची बुलेटिनं वाचून हातानं आकडे भरत, आणि आज पेपरवाले तेच आकडे घेतात. आणि सरकारी माहिती येते कशी ते पण बघा की, जुन्या फॉन्टातली पीडीएफ, कॉपी केली की नुसता खिचडा, नाहीतर प्रिंटआऊटचा तिरका फोटो.

बार्शीकर, तुझं पान दर वेळी थेट शीटला हात लावतंय, म्हणून संध्याकाळी बसतं. दर पाच मिनिटांनी एकदा शीट वाच, साधं एचटीएमएल पान बनवून ठेव, लोकांना तेच दे. नकाशा काढून टाक. तैवानमध्ये गेल्या वर्षी हॉवर्ड वू नावाच्या इंजिनिअरनं कुठल्या दुकानात मास्क आहेत याचा नकाशा केला, तो इतका चालला की गुगल मॅप्सचं बिल थोड्याच वेळात २० हजार डॉलरच्या घरात! पण तिथल्या मंत्री ऑड्री टँग यांनी ते बघून ६ हजारांवर फार्मसींचा साठा सगळ्यांसाठी खुला करून दिला, मग लोकांनी शंभरावर अॅप केले. आपल्याकडं तसं होईपर्यंत फोनच फिरवायचे.

आणि प्रत्येक ओळीखाली व्हॉट्सअॅपला पाठवायचं बटण दे, मजकुरात वेळ आपोआप येईल असं. नाहीतर लोक स्क्रीनशॉट मारतात आणि तो आठवडाभर फिरतो.

रात्रपाळी_सिस्टर

मी कोव्हिड वॉर्डला आहे, म्हणून बोलते. तुमच्या पानावर सगळ्यात वर बेड आणि रेमडेसिवीर इंजेक्शन आहे. ते रेमडेसिवीरचं पान आधी काढा. त्यानं मृत्यू टळतात असा पुरावा अजून तरी नाही, डब्ल्यूएचओनं नोव्हेंबरमध्येच वापरू नका म्हणून सांगितलंय, आणि इथं लोक दागिने मोडून ब्लॅकनं घेतायत.

वर काय हवं सांगू? घरी ६ मिनिटं चालून बघायची टेस्ट. आधी ऑक्सिमीटर लावायचा, मग सपाट जागेवर चालायचं, मग परत. ९३ च्या खाली आलं, किंवा आधीपेक्षा ३ पेक्षा जास्त उतरलं, किंवा धाप लागली तर डॉक्टर गाठा. साठीच्या पुढच्यांना ३ मिनिटं चालतात. नखाला नेलपॉलिश असेल किंवा बोट गार असेल तर आकडा चुकतो, हे ठळक लिहा. पालथं झोपण्याचं चित्र टाका, पण जेवल्यावर तासभर नको. १०८ चा नंबर तर तुमच्या पानावर मला सापडलाच नाही, तीनदा बघितलं.

लोक आमच्याकडं ऑक्सिजन ८० वर आल्यावर येतात हो, बेड शोधत चार दिवस फिरून नाही, घरी "साधा ताप आहे" म्हणत बसून. तुमची साईट त्या चार दिवसांत उपयोगाची आहे.

बार्शीकर_०४ (१ मे, सकाळी ९:१०)

शीट बंद केली. टेस्ट वर आणली, १०८ आता लाल पट्टीत आहे, सॉरी सिस्टर. फोन धडाधड उचलतात अशी ११ च हॉस्पिटलं सापडली, तेवढीच ठेवलीत. आईनं टेस्टचं सगळं वाचून बघितलं, 'सॅच्युरेशन' तिला कळेना, म्हणून 'ऑक्सिजनचा आकडा' लिहिलंय.

एकच राहिलं, त्यातले एक हॉस्पिटलवाले म्हणतात नाव काढा, दिवसाला दोनशे फोन येतात, आमची रिसेप्शनची मुलगी रडायला लागली. काढू का?

पेठेतला_पुणेकर

काढ. आणि तिला विचार, दिवसातनं दोनदा तीच तुला मेसेज टाकेल का. आमच्याकडच्या दोन जणी टाकतात.