व्हिएतनाम : दोघांसाठी ११ रात्री, मार्ग सुचवा

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. लेकीचं लग्न पार पडलं, आता घरात आम्ही दोघंच. आजवर जिथे गेलो तिथे मुलांच्या परीक्षा नाहीतर सासूबाईंची औषधं सांभाळत गेलो. यंदा पहिल्यांदाच नुसतं दोघांनी जायचंय. व्हिएतनाम पक्कं, रात्री ११, फेब्रुवारी किंवा मार्च.
यादी केलीय ती अशी : हनोई, सापा, हा लाँग, निन्ह बिन्ह, हुए, दा नांग, होई आन, सायगाव (म्हणजे हो ची मिन्ह सिटी), कू चीची युद्धातली भुयारं, मेकाँग, फू क्वोक. हे पूर्ण शाकाहारी, मी मासे खाते. ह्यांचे गुडघे दुखतात. यातलं काय ठेवू, काय गाळू?

रानवाटा
ताई, सापा, मेकाँग आणि फू क्वोक आत्ताच खोडा. देश उभा लांबट आहे. हनोई ते सायगाव रेल्वेमार्ग १७२६ किलोमीटरचा, गाडीला तीस तासांहून जास्त लागतात. विमानाने गेलात तरी प्रत्येक उडीला अर्धा दिवस जातो. आम्ही दोघं पहिल्या वेळी असंच सगळं कोंबलं होतं, आणि आठवतात ते फक्त विमानतळ. दुसऱ्या वेळी हुए-होई आनच्या मधल्या पट्ट्यात राहिलो आणि तो देश खरा भेटला.
माझी वाटणी : हनोई ३ (त्यात एक दिवस निन्ह बिन्ह), हा लाँगला बोटीवर १, हुए २, होई आन ४, सायगाव १.
मार्च घ्या. जानेवारी अखेर ते फेब्रुवारी मध्य या काळात त्यांचं नववर्ष, तेत, येतं. सगळे गावी जातात, तिकिटं मिळत नाहीत, दुकानं बंद. मार्चमध्ये उत्तरेत बारीक भुरभुर असते, तेव्हा एक पातळ जाकीट न्या. मधल्या भागात मात्र हवा सुरेख असते.
निन्ह बिन्हला ताम कोकची होडी घ्या. वल्हवणाऱ्या बायका मागे रेलून चक्क पायांनी वल्ही मारतात, हात मोकळे. आमची बाई वल्हवता वल्हवता भरतकाम करत होती. जवळच्याच त्रांग आनची होडीफेरी जास्त सुंदर आहे, पण तीन तास, आणि पाठीला टेकू नाही. ह्यांच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही. हांग मुआच्या डोंगराला पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत, ते सोडूनच द्या.
हुए ते दा नांग मोटारीने अजिबात जाऊ नका. मोटारी २००५ पासून हाय वान घाटाखालच्या बोगद्यातून जातात, काही दिसत नाही. रेल्वे अजून डोंगराला वळसा घालून समुद्रावरून जाते. दिवसाची गाडी, डावीकडची खिडकी, अडीच-तीन तास. खाली लाटा फुटताना दिसतात, एवढ्या जवळून. आमची ही त्या सगळ्या वेळात एक शब्द बोलली नाही, नुसता माझा हात धरून बसली होती.

दूरदेशी
नोकरीमुळे पाच वर्षं सायगावात आहे, त्यामुळे रोजच्या गोष्टी सांगते.
ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरूनच काढा, एकदा प्रवेशाचे २५ डॉलर. हुबेहूब दिसणारी खाजगी संकेतस्थळं आहेत, ती दुप्पट-तिप्पट घेतात. नाव पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच भरा. नवऱ्याचं नाव मधे घालायची आपली सवय इथे नडते.
पैशात दोन नोटा नीट ओळखून ठेवा : २० हजार डाँग आणि ५ लाख डाँग. दोन्ही निळ्या. पहिली म्हणजे साठ-सत्तर रुपये, दुसरी दीड हजारावर. माझ्याकडून पहिल्याच आठवड्यात शहाळंवालीला ५ लाखाची गेली. ती कोपऱ्यापर्यंत धावत आली आणि नोट माझ्या मुठीत कोंबून गेली. मोठी नोट पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा.
स्कूटर भाड्याने घेऊ नका, दुकानदार कितीही आग्रह करो. आपला आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या करारातला, हा देश १९६८ चा मानतो. अपघात झाला तर विमा हात वर करतो.
कू चीची भुयारं बुटकी आहेत, वाकून, कधी रांगत जावं लागतं. ह्यांच्यासाठी नकोच. त्या वेळेत सायगावचं युद्धस्मृती संग्रहालय बघा. एजंट ऑरेंजचं, म्हणजे अमेरिकेने युद्धात फवारलेल्या विषारी रसायनाचं दालन फार जड जातं, पण ते पाहिल्याशिवाय या देशातून परतू नये असं मला मनापासून वाटतं.

लिंबूकांती
शाकाहाराचं मी सांगते, आम्ही घरचे सगळे माळकरी. 'नको मांस' एवढं सांगून भागत नाही. भाजीतसुद्धा नुओक माम असतं, म्हणजे मासळी मिठात आंबवून काढलेलं पाणी. 'आन चाय' हे दोन शब्द पाठ करा आणि त्यांच्या लिपीत मोबाईलमध्ये ठेवा. अर्थ बौद्धांचा शाकाहार. 'कोम चाय' लिहिलेली छोटी भोजनालयं जवळपास प्रत्येक गावात असतात. भात, टोफू, फणसाची नाहीतर अळंब्यांची भाजी, पोटभर. त्यांच्या चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी पुष्कळ लोक शाकाहार पाळतात, त्या दिवशी तर रस्त्यावरही मिळतं. हुएमध्ये विहार खूप, त्यामुळे तिथे ह्यांची चंगळ होईल.

गोदाकाठ
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! सापा, मेकाँग, फू क्वोक, कू ची गेले. पण होई आनला ४ रात्री? ते तर एवढंसं गाव ना?

रानवाटा
एवढंसंच आहे, म्हणूनच. पहिल्या दिवशी शिंप्याकडे जा. ह्यांचा नीट बसणारा एक जुना कुर्ता सोबत न्या, त्यावरून दोन शिवून देतील. मापात फरक निघाला तर दुरुस्तीला दिवस हवेत. नदीकाठच्या जुन्या घरांत भिंतीवर पुराच्या पाण्याच्या खुणा वर्षासकट लिहिलेल्या दिसतील, डोक्याच्याही वर.
एक सकाळ 'मी सन' या जुन्या देवळांच्या जागेसाठी. होई आनहून चाळीसेक किलोमीटर, उजाडताच निघा. इथल्या जुन्या चंपा राज्याच्या चाम राजांनी चौथ्या ते तेराव्या शतकात बांधलेली शिवमंदिरं. राजा भद्रवर्म्याने इथल्या देवाला भद्रेश्वर नाव दिलं. शिलालेख संस्कृतात आणि जुन्या चाम भाषेत आहेत. विटांच्या फटीत चुना दिसत नाही, नखही शिरत नाही. १९६९ च्या अमेरिकी बाँबफेकीत मुख्य देऊळ गेलं, बाँबचे खड्डे अजून तिथेच आहेत, गवत वाढलेले. आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने इथे डागडुजी केली, आणि २०२० मध्ये ते काम चालू असताना नवव्या शतकातलं अखंड शिवलिंग सापडलं. तिथे उभा राहिलो तेव्हा मला आजोळच्या देवळातला गारवा आठवला. पूजा कुणी करत नाही. आम्ही दोघांनी नुसते हात जोडले.
आणि चौथी रात्र यासाठी : त्यांच्या चांद्र महिन्याच्या चौदाव्या दिवशी जुन्या गावातले विजेचे दिवे बंद करतात, नुसते कंदील. म्हणजे पौर्णिमेच्या आदल्या रात्री. पंचांग बघूनच तारखा ठरवा. एखादा दिवस इकडेतिकडे होतो, तेव्हा हॉटेलला विचारून घ्या.

गोदाकाठ
कालनिर्णय काढून बसलो होतो दोघं. मार्चमधली पौर्णिमा म्हणजे होळी! हे म्हणाले, यंदा पुरणाची पोळी आधीच्या रविवारी करू. हॉटेलला पत्र टाकलं, त्यांनी तारीख कळवली, त्यावरून मागेपुढे मोजून तिकिटं काढली. हुएहून गाडीत डाव्या खिडकीच्या दोन जागा मिळाल्यात. परत आले की याच धाग्यावर लिहीन.