कॅज्युअल्टीत जळजळीला आधी काय द्यावं: जेल (आम्ल मारणारं पातळ औषध), की आम्ल कमी करणारं रॅनिटिडिन किंवा पॅन्टोप्राझोल?

रातपाळी: ग्रामीण रुग्णालय. पस्तिशीचा रुग्ण, जेवणानंतर वरच्या पोटात जळजळ, आंबट ढेकर. काळी शी नाही, रक्ताची उलटी नाही, पोट मऊ. आमच्याकडे सरसकट पॅन्टोप्राझोल शिरेतून देतात. तासाभरात आराम पडायला हवा असेल तर काय द्यावं?

इसीजी_आधी: नावातच उत्तर आहे. इसीजी १० मिनिटांच्या आत. जेलने बरं वाटलं म्हणजे हृदयाचं नाही, असं समजू नका. हार्ट अटॅकचं दुखणंही कधीकधी जेलनंतर ओसरतं.

इसीजी नीट असेल तर ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचं जेल १० ते २० मिली. बाटली खळखळून हलवा, नाहीतर साका तळाशी राहतो आणि रुग्णाच्या पोटात नुसतं गोड पाणी जातं. गुण मिनिटांत येतो, पण रिकाम्या पोटी जेमतेम तासभर टिकतो. म्हणून सोबत फॅमोटिडिन (रॅनिटिडिनच्याच गटातलं) २० मिग्रॅ तोंडाने. तासाभरात लागू पडतं, १०-१२ तास पुरतं. पॅन्टोप्राझोल औषध उत्तम, पण रोजच्या गोळीचा पूर्ण गुण यायला ३-४ दिवस लागतात. गिळू शकणाऱ्याला त्यासाठी सुई कशाला टोचायची?

रातपाळी: आणि जेलमध्ये लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) मिसळायची पद्धत?

इसीजी_आधी: सोडा. नुसत्या जेलपेक्षा खास फरक पडत नाही. वर घसा बधिर होऊन ठसका लागतो, तो वेगळाच.

औषधघर: शिरेतून द्यायची वेळ आलीच तर: पॅन्टोप्राझोल ४० मिग्रॅची व्हायल (इंजेक्शनची बाटली) १० मिली नॉर्मल सलाईनमध्ये विरघळवून किमान २ मिनिटांत. ते अल्कधर्मी असतं. त्याच सिरिंजमध्ये ऑन्डान्सेट्रॉन (उलटी थांबवणारं औषध) ओढलं की द्रावण दुधाळ होतं. दोन्हींच्या मध्ये लाईन सलाईनने धुवा. घाईत हीच चूक सर्वांत जास्त होते.

रॅनिटिडिन २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीतून वगळलंय. तेच उरलं असेल तर ५० मिग्रॅ, २० मिलीपर्यंत पातळ करून ५ मिनिटांत. भसकन दिलं तर नाडी मंदावते.

किडनीच्या रुग्णाला हे जेल टाळा, फॅमोटिडिनचा डोस कमी करा. क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी रोखणारं औषध) चालू असेल तर पॅन्टोप्राझोलच्याच गटातलं ओमेप्राझोल नको, पॅन्टोप्राझोल चालेल. डॉक्सिसायक्लिन (अँटिबायोटिक) किंवा लोहाची गोळी चालू असेल तर जेलपासून २ तासांचं अंतर.

इसीजी_आधी: एक राहिलं. पोट फळीसारखं कडक लागलं तर जठराला किंवा आतड्याला भोक पडलेलं असू शकतं, तोंडातून काहीच नको. उभ्याने एक्स-रे काढा, डायफ्रामखाली (छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली) हवा दिसते का बघा. एक्स-रे येईपर्यंत थांबू नका, सर्जनला आधीच फोन करा.