'बुलिंग'ला मराठीत काय म्हणायचं? ('दादागिरी'नं काम भागत नाही)

रफवही
एका शाळेसाठी मुलांना द्यायच्या प्रश्नावलीचं भाषांतर करते आहे. तिसरी ते नववीची मुलं. मूळ प्रश्न साधा आहे: गेल्या दोनेक महिन्यांत शाळेत तुझ्याबाबतीत बुलिंग झालं का, झालं असेल तर किती वेळा. मी 'दादागिरी' लिहून पुढे गेले. कच्चा खर्डा पाचवीतल्या भाचीला भरायला दिला. तिनं 'एकदाही नाही'वर खूण केली.

दोन दिवसांनी तिच्या आईकडून कळलं की वर्गातल्या चौघीजणी तिला बाकावर बसू देत नाहीत. ती येताना दिसली की दप्तरं पसरून ठेवतात आणि 'जागा धरली आहे' म्हणतात. ती जागा तास संपेपर्यंत रिकामीच असते. हे पहिल्या चाचणीपासून चाललं आहे. मी तिला विचारलं, "मग तू 'नाही' का लिहिलंस गं?" तर म्हणाली, "मावशी, दादागिरी मुलं करतात. आणि त्या मला मारतात कुठे?"

माझ्या एका शब्दामुळे तिचं उत्तर चुकलं. अशी किती उत्तरं चुकतील? आठ वर्षांच्या मुलाला कळेल, मुलींनाही लागू पडेल आणि मारण्यापासून अबोल्यापर्यंत सगळं ज्यात बसेल, असा शब्द सुचवा. नाम नसेल तर क्रियापदही चालेल.

कानामात्रा
शब्द आहे की! छळ. किंवा छळवणूक. आपल्याकडे असताना उसना कशाला घ्यायचा? 'दादागिरी'तला 'गिरी' फारसी आहे, तोही टाळता येतो. 'दांडगाई' हा अस्सल शब्द आपण का सोडला कळत नाही.

शिरोरेघ
'दांडगाई'ची अडचण 'दादागिरी'सारखीच आहे. दांडगा म्हटलं की अंगानं आडदांड मुलगाच डोळ्यांसमोर येतो. दप्तर पसरून ठेवणाऱ्या मुलीला कोणी दांडगी म्हणणार नाही.

आणि 'छळ' अस्सल म्हणता, तर संस्कृतात 'छल' म्हणजे कपट, फसवणूक. हिंदीत आजही तोच अर्थ आहे. आपण तो शब्द घेतला आणि आपल्या गरजेप्रमाणे वळवला. म्हणजे शब्दाचं मूळ काढून आजचा अर्थ ठरवता येत नाही. खुद्द 'बुली'चंच बघा. सोळाव्या शतकात इंग्रजीत तो लाडाचा शब्द होता, 'जिवलग' अशा अर्थाचा. बहुधा डच 'बूल'वरून आला, ज्याचा अर्थ प्रियकर, आणि भाऊसुद्धा. पुढे 'झकास गडी', मग 'फुशारक्या मारणारा' आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस 'दुबळ्यांना छळणारा'. आपला 'दादा' त्याच वाटेनं गेला. थोरला भाऊ होता, त्याचा गल्लीतला दादा झाला. मला हे साम्य फार बोलकं वाटतं. जो पाठीशी उभा राहायचा, तोच अंगावर येऊ लागला.

कानामात्रा
व्युत्पत्ती रंजक आहे, पण त्यामुळे 'छळ' बाद होत नाही. आज मराठीत छळ म्हणजे छळच.

पाटीपेन्सिल
मी प्राथमिकला शिकवते. 'छळ' मुलांच्या तोंडी नाही, तो त्यांच्या धड्यात आहे. गोष्टीतला दुष्ट राजा प्रजेचा छळ करतो. चौथीतल्या मुलाला 'तुझा छळ होतो का' विचारलं तर तो नाहीच म्हणेल, कारण त्याला कोणी कोंडून ठेवलेलं नसतं.

मुलं काय म्हणतात ते सांगते: "बाई, हा मला त्रास देतो." बस्स. आणि माझ्या अनुभवानं मी एक गोष्ट शिकले. ऐकायचा असतो तो काळ. "बाई, ह्यानं मला ढकललं" हे भांडण असतं, बहुतेक वेळा दोघांचंही काही ना काही असतं, आणि डबा खाईपर्यंत मिटतंसुद्धा. पण "बाई, हा मला ढकलतो" म्हणणारं मूल वेगळं असतं. 'ढकललं' नाही, 'ढकलतो'. त्यात रोजचं असणं आलं. आणि सगळ्यात काळजी करावी असं वाक्य म्हणजे "मला चिडवतात." कोण चिडवतं? कर्ताच नाही. म्हणजे एक तर खूप जण आहेत, नाही तर नाव घ्यायची भीती आहे. अशा वेळी मी वही तपासायची थांबवते आणि त्या मुलाला जवळ घेऊन बसते.

म्हणून मी म्हणेन, नाम शोधूच नका. 'तुला कोणी मुद्दाम, पुन्हा पुन्हा त्रास देतं का?' एवढं लिहा.

शिरोरेघ
पाटीपेन्सिल, तुम्ही जे काळावरून ओळखता तेच शास्त्रात व्याख्या म्हणून आलं आहे. स्वीडिश-नॉर्वेजियन मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी १९७०च्या दशकापासून यावर काम केलं. त्यांच्या तीन खुणा आहेत: मुद्दाम केलेलं, वारंवार होणारं, आणि दोघांच्या बळात फरक असलेलं. तिसरी खूण तुमच्या वाक्यात येत नाही. दोन तुल्यबळ मुलंही एकमेकांना मुद्दाम आणि पुन्हा पुन्हा त्रास देतात. ते भांडण झालं.

शब्दाचा हा घोळ फक्त मराठीत नाही. स्वीडिशमध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीस यासाठी 'मॉबनिंग' शब्द आला. पीटर-पॉल हायनेमान यांनी तो प्राणिवर्तनाच्या अभ्यासातून उचलला. लहान पक्षी थव्यानं मिळून घुबडावर तुटून पडतात, ते वर्तन. ओल्वेउस यांना तो तसाच पुरेसा वाटला नाही, कारण वर्गात पुष्कळदा झुंड नसते, एकटादुकटाच असतो. म्हणजे त्या स्वीडिश शब्दात झुंडच दिसत होती आणि आपल्या 'दादागिरी'त एकटा दादाच दिसतो.

मागचा_बाक
मी या बाजूनं नाही, त्या बाजूनं लिहितो.

सातवी-आठवीत आम्ही चौघे वर्गातल्या एका मुलाच्या मागे होतो. तो अडखळत बोलायचा. हजेरीला 'हजर' म्हणताना 'ह'वर थांबायचा. आम्ही मागून हळूच ह-ह-ह करायचो आणि वर्ग हसायचा. वर्षभर. पुढे तो हजेरीला बोलायचाच बंद झाला, नुसता हात वर करायचा. सरांनी तेही चालवून घेतलं. कारण कधीच विचारलं नाही.

त्या वेळी मला 'तू कोणाला छळतोस का, दादागिरी करतोस का' असं विचारलं असतं तर मी छातीवर हात ठेवून नाही म्हटलं असतं. आमच्याकडे त्याला वेगळे शब्द होते. टेर खेचणे. फिरकी घेणे. उडवणे. गंमत. सरांचा शब्द होता 'चेष्टा', आणि त्याच्या आईला त्यांनी सांगितलं होतं, "मुलांचं चालायचंच." करणाऱ्यांच्या सगळ्या शब्दांत मजा आहे. ज्याच्यावर बेततं त्याच्यासाठी शब्दच नाही. रफवही, तुमच्या प्रश्नावलीत करणाऱ्यांसाठीही प्रश्न असेल ना? तिथे 'त्रास देणे' लिहिलंत तर माझ्यासारखा 'नाही'च लिहील.

कानामात्रा
'चेष्टा' संस्कृतात नुसती हालचाल, हावभाव. मला वाटतं, दुसऱ्याचे हावभाव करून दाखवण्यावरून मराठीत टिंगलीचा अर्थ आला असावा. तुम्ही 'ह' काढून दाखवत होतात, तसं. हा माझा तर्क आहे, पण 'कुचेष्टा' शब्द बघा.

आठवीब
इथल्या बहुतेकांपेक्षा मी लहान आहे, शाळा सोडून तीनच वर्षं झाली. आमच्या वर्गात 'बुली करतात' हेच म्हणायचे. 'ती मला बुली करते.' मराठी माध्यमातसुद्धा. मुलीच्या बाबतीतही सहज वापरायचो, कारण त्यात दादा नाही. फोनवरच्या गटातून एखादीला काढून टाकलं आणि नवा गट केला, तरी बुलीच म्हणायचो. जो शब्द मुलांना येतो तो का नको?

कानामात्रा
कारण तो पाचवीतल्या सगळ्या मुलांना येतो असं तुम्ही गृहीत धरता! आणि आज घेतला तर उद्या मराठी शब्द शोधायची गरजच कोणाला वाटणार नाही. सावरकरांनी 'महापौर', 'दिनांक' रुजवले तेव्हाही लोक म्हणालेच असतील, मेयर आणि तारीख आहे की. शब्द वापरला की रुजतो. मी 'काच' सुचवते. काच म्हणजे आरसा-खिडकीची नव्हे. तो काच, पुल्लिंगी. 'काचणे' क्रियापद आपण रोज वापरतो. दप्तराचा पट्टा खांद्याला काचतो, बुटाचा काठ घोट्याला काचतो. एकाच जागी पुन्हा पुन्हा घासणं, बाहेरून फारसं न दिसणं, आणि आत कातडं सोललं जाणं. जुन्या मराठीत 'काच' जाचाच्या अर्थानं होताच. सगळ्या खुणा त्यात आल्या.

पाटीपेन्सिल
प्रतिमा फार नेमकी आहे, वाचून अंगावर आली. पण प्रश्नावलीत 'तुला वर्गात काच होतो का' लिहिलं तर माझी मुलं खिडकीकडे बघतील.

कानामात्रा
शिकवा ना मग. शाळा कशासाठी आहे?

पाटीपेन्सिल
जे मूल मधल्या सुट्टीत कोपऱ्यात उभं आहे, त्यानं आधी नवा शब्द शिकायचा आणि मग मदत मागायची? मला ते पटत नाही. माफ करा, याबाबतीत मी हट्टी आहे.

शिरोरेघ
यावर प्रत्यक्ष अभ्यास झाला आहे. पीटर स्मिथ आणि सहकाऱ्यांनी १४ देशांतल्या मुलांना काड्यांच्या माणसांची २५ चित्रं दाखवली आणि प्रत्येक चित्राला त्यांच्या भाषेतला कुठला शब्द लागू पडतो ते विचारलं. २००२ साली ते प्रसिद्ध झालं. आठ वर्षांची मुलं ढोबळमानानं 'वाईट वागणं' आणि 'वाईट नाही' एवढाच भेद करत होती. मारणं, बोलणं, वगळणं असे वेगळे कप्पे चौदा वर्षांच्या मुलांनी केले. आणि प्रत्येक भाषेतल्या शब्दाचा पसारा वेगळा निघाला. म्हणजे रफवहींच्या भाचीचं उत्तर चुकलं नाही. तिनं मराठी शब्दाचा अर्थ अगदी बरोबर लावला.

रफवही
हे वाचून हायसं वाटलं. मग तिसरी-चौथीसाठी चित्रं आणि पुढच्यांसाठी वाक्यांची यादी करता येईल: मारतात, नावं ठेवतात, वस्तू लपवतात, एकटं पाडतात. 'एकटं पाडणे' चालेल ना? 'वाळीत टाकणे' फार मोठं वाटतं, आणि 'कट्टी' तर दोन्हीकडून असते.

मागचा_बाक
'एकटं पाडणे' बरोबर आहे. 'पाडणे'मध्ये करणारा दिसतो.

शिरोरेघ
बुलिंगसाठीचा जपानीतला शब्द 'इजिमे' पण बघा. त्यांच्याकडे २०१३ साली यासाठी स्वतंत्र कायदा झाला. त्याची व्याख्या सोसणाऱ्या मुलाकडून सुरू होते: त्या मुलाला शरीरानं किंवा मनानं वेदना होते का. करणारा त्याला गंमत म्हणतो की आणखी काही, यावर ते अवलंबून नाही. इंटरनेटवरून केलेलंही त्यात धरलं आहे.

रफवही
अजून एक अडकलं आहे. प्रश्नावलीत भोवतालच्या मुलांसाठीही शब्द हवे आहेत. फिनलंडमध्ये क्रिस्टिना साल्मिवाली यांनी १९९६ साली या भूमिका वेगळ्या केल्या: करणारा, त्याला हातभार लावणारे, हसून चढवणारे, बाजूला राहणारे, आणि सोसणाऱ्याची बाजू घेणारे.

कानामात्रा
हे तर मराठीत तयारच आहेत! म्होरक्या, साथीदार, री ओढणारे, बघे, पाठीराखे. 'री ओढणे' इथे किती चपखल आहे. एकानं सूर लावायचा आणि बाकीच्यांनी मागून तोच धरायचा.

मागचा_बाक
आमचा वर्ग री ओढणाराच होता. आम्ही चौघेच होतो, पण हसायचे सगळे.

आठवीब
पाठीराखा कोणी व्हायचं म्हटलं तर आधी बाईंना सांगावं लागतं, आणि सांगितलं की 'चुगलखोर'. बघा ना, त्रास देण्याला धड शब्द नाही, पण तो त्रास सांगणाऱ्याला चुगलखोर, चहाडखोर, चोंबडा असे तीन-तीन शब्द आहेत. शाळेत असताना मी असलं काही बाईंना सांगितलं नाही, ते याच एका शब्दाच्या भीतीनं.

पाटीपेन्सिल
तुमचं म्हणणं मला लागलं. मी स्वतः वर्गात किती वेळा म्हटलं आहे, "चहाड्या करू नका." छोट्या छोट्या तक्रारींनी डोकं उठतं तेव्हा निघून जातं तोंडातून. त्यातली कुठली 'ढकललं' होती आणि कुठली 'ढकलतो', हे तेव्हा ऐकलं गेलं नसेल.

शिरोरेघ
'चुगली' आपल्याकडे फारसीतून आली. 'चहाडी' तिच्या आधीपासूनची असावी. दोन्हींत दुसऱ्याचं वाईट करायचा हेतू आहे. मदत मागायला सांगणं त्यात बसतच नाही. पूर्वी मुलं 'बाईंना नाव सांगीन' म्हणायची, ते नुसतं सांगणं होतं.

कानामात्रा
'नाव सांगणे' आमच्याकडे अजून आहे. पण 'चोंबडा' चुगली करणारा नव्हे हं. चोंबडेपणा म्हणजे नको तिथे पुढे पुढे करणं.

आठवीब
आमच्या वर्गात चोंबडा म्हणजे बाईंना सांगणाराच.

कानामात्रा
मग तो तुमच्या वर्गात बदललेला अर्थ आहे. मूळचा तो नाही.

शिरोरेघ
'छळ'चंही असंच म्हटलं होतं ना मघाशी?