एसी, हीटर, गिझर: बिघाडांचे आणि दुरुस्तीचे अनुभव लिहा

'गॅस संपलाय, भरावा लागेल.' एसी असलेल्या घरात हे वाक्य कधी ना कधी ऐकू येतंच. खरंच गॅसच गेला होता की भलतंच काही निघालं, हे इथे लिहा. नुसतं 'अमुक कंपनी चांगली' नको. काय बिघडलं, कसं कळलं आणि काय केल्यावर सुधारलं ते हवं. गरम करणारी यंत्रंही चालतील.

माझ्यापासून सुरुवात करते. आमच्याकडे दर मोसमात गॅस भरायचा कार्यक्रम असायचा. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय. हे समजावून सांगणारा मेकॅनिक उशिरा भेटला. त्याने आधी नायट्रोजनचा दाब दिला आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावलं. आतल्या युनिटमागच्या फ्लेअर नटापाशी (पाइपचं पसरट केलेलं टोक जिथे नटाने आवळतात तिथे) बारीक बुडबुडे येऊ लागले. तिथेच तेलकट काळा डाग होता, आजवर कुणी बघितलाच नव्हता. पाइपचं टोक कापून नवा फ्लेअर केला, व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा काढली. मग सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून युनिटच्या पट्टीवर छापलेल्या ग्रॅमांइतकाच गॅस सोडला. त्यानंतर गॅसचं नाव काढायची वेळ आलेली नाही. अंदाजाने गॅस सोडणाऱ्याला मी आता दारातूनच परत पाठवते.

*

आमच्याही एसीत 'गॅस कमी' सांगितलं होतं. आतल्या कॉइलवर, म्हणजे थंड नळ्यांच्या जाळ्यावर, बर्फ जमायचा, म्हणून. प्रत्यक्षात फिल्टरवर धुळीची गोधडी झाली होती. हवा पुरेशी खेळली नाही की कॉइल गोठते. थंडावा बंद करून नुसता पंखा चालू ठेवला, बर्फ वितळू दिला, फिल्टर धुऊन पूर्ण वाळवून बसवला. झालं! बर्फ खरवडू मात्र नका, कॉइलला भोक पडलं तर खरोखरच गॅस जाईल. फिल्टर स्वच्छ असूनही बर्फ येत असेल तर मग गॅसचा संशय घ्या.

*

एसीखालच्या भिंतीवरून पाणी ओघळणं. कारण एसीचं पाणी बाहेर नेणारा ड्रेन पाइप. आत शेवाळासारखा बुळबुळीत गाळ साचतो. बाहेरच्या टोकाला ओलं ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर लावला आणि जे बाहेर आलं त्याचं वर्णन करत नाही. आणखी एक: पाणी साठवायला बादली ठेवत असाल तर पाइपाचं तोंड पाण्यात बुडू देऊ नका, हवा अडकून पाणी उलटं आत येतं.

*

बाहेरचं युनिट नुसतं घुमत होतं, पंखा फिरत नव्हता. कपॅसिटर (मोटरला जोर देणारा, वीज साठवणारा छोटा भाग) गेला होता. त्याची क्षमता लेबलवर ४५ मायक्रोफॅरड, मीटरवर २८. स्वस्तातला भाग आणि दहा मिनिटांचं काम, पण आधी एकाने कंप्रेसरच बदलायला सांगितला होता. हौशी मंडळींनो, हे झाकण स्वतः उघडू नका. मेन स्विच बंद केला तरी कपॅसिटरमध्ये वीज साठून असते.

*

थंड मुलुखात राहतो, घरात हीट पंप आहे, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारं एसीसारखंच यंत्र. पहिल्या कडाक्याच्या थंडीत बाहेरच्या युनिटमधून धूर निघतोय म्हणून शेजाऱ्याने दार वाजवलं. धूर नव्हता, वाफ होती. बाहेरच्या कॉइलवर हिम साचलं की यंत्र थोडा वेळ उलटं चालून ते वितळवतं. तेवढ्या वेळात घरात गार वारा येऊ शकतो. बिघाड नव्हे. हिमाचा जाड थर तासन्‌तास तसाच राहिला तर मात्र बोलवा कुणाला तरी.

*

गंमतीचा अनुभव नाही, तरी लिहिते. न्हाणीघरात गॅस गिझर, खिडकी बंद. मुलगी आंघोळ करून आली ती डोकं धरूनच, मळमळत होतं. बाहेरच्या हवेत बसल्यावर बरं वाटलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न गिझरचाच विचारला. कोंडलेल्या जागेत गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्यामुळे 'आम्हाला तर काही वास येत नाही' याला अर्थ नसतो. आता गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत आहे. फर्नेस, बॉयलर, काहीही जळणारं घरात असेल त्यांनी या वायूचा अलार्म लावा आणि धुराडं दरवर्षी तपासून घ्या. ज्योत निळी हवी. पिवळी, फडफडणारी दिसली तर गॅस बंद.

*

दोन हजार वॅटचा हीटर एक्स्टेन्शन बोर्डावर होता. पिन काढताना चटका बसला, सॉकेट तपकिरी पडलेलं. हीटर थेट भिंतीतल्या जाड सॉकेटवर लावा. बाकी काही सांगण्यासारखं नाही.

*

मी याच धंद्यात आहे. वरचं बहुतेक बरोबर आहे, थोडी भर घालतो. एसी पंधरावीस मिनिटं चालल्यावर साधा थर्मामीटर आधी आत ओढल्या जाणाऱ्या हवेत धरा, मग बाहेर येणाऱ्या. साधारण ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर 'गॅस नाही' म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवा. दमट हवेत फरक थोडा कमी येतो. आणि बाहेरच्या युनिटला मोसम संपल्यावर प्लास्टिक गुंडाळावं का, हे मला सगळेच विचारतात. नको. आत ओल धरते, गंज चढतो, उंदरांना घर मिळतं आणि ते वायरी कुरतडतात. पाला पडत असेल तर वरच्या जाळीवर फळी ठेवा, चालू करण्याआधी ती काढा आणि युनिट साध्या पाइपाने हलक्या धारेने धुवा. गाड्या धुतात त्या प्रेशर पंपाने नको, कॉइलवरच्या पातळ पत्र्याच्या पाकळ्या आडव्या होतात आणि मग कंगवा घेऊन एकेक सरळ करत बसावं लागतं.